भुकेची पाळी

यंत्रात फुंकर मारायला सहा सेकंद लागत. वर्षाराणी लवटे बोटांवर मोजायची. समोरचं माणूस तिच्या बोटांकडे बघत फुंकायचं आणि सहावं बोट उघडलं की दिवा लागायचा. तांबडा लागला तर घराला पूर्ण शिधा, पिवळा लागला तर दोन तृतीयांश आणि हिरवा लागला तर एक तृतीयांश. दर पंधरा दिवसांनी वसाहतीतल्या दोनशे चौदा घरांमधलं प्रत्येक मोठं माणूस तिच्यासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसत असे. दोन दिवस हे चाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा उजवा हात खांद्यापासून दुखायचा आणि भाकरी थापायचंही जिवावर यायचं.

वसाहत जत तालुक्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकच्या हद्दीलगतच्या माळावर होती. माणसं मालदीवची. तिथल्या विहिरी आधी खारट झाल्या, मग बेटांवर वर्षातून चार-चार वेळा समुद्र चढायला लागला आणि २०४७ मध्ये दोन सरकारांचा करार होऊन काही हजार कुटुंबं वेगवेगळ्या राज्यांत वाटली गेली. या माळावर आलेल्यांना पत्र्याची पक्की घरं मिळाली, पंखे मिळाले, छपरावर सौरपट्ट्या मिळाल्या. खायला ज्वारी, तूरडाळ, तेल आणि मीठ मिळू लागलं.

ज्यांनी जन्मभर मासा, नारळ, भात आणि रोशी नावाची गव्हाची पोळी खाल्ली होती त्यांनी पहिला महिनाभर ज्वारी तांदळासारखी शिजवली. पोरांची पोटं दुखली. गिरणी चार किलोमीटरवर होती. बाजार अकरा किलोमीटरवर, आणि तिकडे जायला दिवसातून दोन एसट्या. बाजारात वांगी, घेवडा, चाकवत यांचे ढीग असत, पण त्यांचं करायचं काय हे कुणाला विचारावं तर भाषा येत नव्हती. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत कामाचा परवाना मिळणार नव्हता. आणि शिध्याचं कार्ड काढायचं तर जन्माचा दाखला लागे. दाखले ज्या कचेरीत होते ती कचेरी पाण्याखाली गेली होती. माणसं रांगेत उभी राहत, खिडकीशी पोचत, खिडकीतला माणूस काय विचारतोय ते न कळून परत जात.

म्हणून यंत्र आलं तेव्हा वसाहतीला आनंद झाला होता. यंत्र नाव विचारत नव्हतं, कागद मागत नव्हतं. घरात जो जेवतो आणि झोपतो तो त्या घरचा, एवढंच त्याला पुरे होतं. माणसाची ओळखही ते श्वासावरूनच पटवायचं. प्रत्येकाच्या श्वासातल्या वायूंची ठेवण बोटांच्या ठशासारखी वेगळी असते.

वर्षाराणीलाही आनंद झाला होता. ती चव्वेचाळीस वर्षांची, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. श्वासमापक म्हणून तिची निवड झाली तेव्हा तिला प्रशिक्षणासाठी पुण्याला नेलं होतं. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्या डॉ. रेवती सोहनी यांनी स्वतः शिकवलं. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, सारखा चष्मा पुसणाऱ्या बाई.

त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं होतं. आपण खातो त्याची साखर होते आणि शरीर आधी ती जाळतं. एखादा दिवस पोटात काही गेलं नाही की साठवलेली साखर संपते. मग यकृत अंगातली चरबी फोडायला लागतं. चरबी जळताना ॲसिटोन नावाचा वायू तयार होतो, तो रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. माणूस खोटं बोलेल, लाजेल, भूक लपवेल, पण श्वास लपवू शकणार नाही. यंत्र तो वायू मोजतं. मधुमेह बिघडलेल्या माणसाच्या श्वासातही तोच वायू येतो, कारण त्याच्या रक्तात साखर असते पण पेशींच्या आत शिरत नाही. शरीराला वाटतं आपण उपाशी आहोत. असं कुणी असलं तर त्याचं नाव आजाराच्या नोंदवहीत घालायचं, यंत्र त्याचं माप बाद करतं.

कुणीतरी विचारलं, की घरातल्या सगळ्यांची मापं वेगळी आली तर शिधा कोणत्या मापाने द्यायचा? डॉक्टर म्हणाल्या, सगळ्यात उपाशी माणसाच्या मापाने. प्रत्येक घरात शेवटी जेवणारं कुणीतरी असतं, त्या माणसापर्यंत मला पोचायचं आहे.

वर्षाराणीला ते फार पटलं होतं. सासरी ती वर्षानुवर्षं शेवटी जेवली होती.

तिच्या लक्षात यायला दोन महिने लागले. हव्वाच्या घरात तीन मोठी माणसं होती. हव्वा पासष्टीची. तिची सून आमिनाथ छत्तीस वर्षांची, नवरा शेवटच्या वादळात गेलेला. आणि हव्वाची लेक शरीफा. आमिनाथच्या दोन लहान मुली शाळेत जेवत, त्यांचं माप घेत नसत. पहिल्या वेळी हव्वाचा दिवा तांबडा लागला आणि बाकी दोघींचा हिरवा. पंधरा दिवसांनी आमिनाथचा तांबडा. मग शरीफाचा. मग पुन्हा हव्वाचा. वर्षाराणीने इतर घरांच्या नोंदी काढून पाहिल्या. घरोघर तेच. तांबडा दिवा एका माणसावरून दुसऱ्यावर सरकत होता, अगदी क्रमाने.

तिने कुणाला काही विचारलं नाही. पुढच्या वेळी मोजणीच्या आदल्या दिवशी ती हव्वाकडे सहज गेली. सगळे जेवत होते आणि शरीफा भिंतीला टेकून भाच्यांच्या वेण्या घालत होती. तिच्यासमोर ताट नव्हतं. दोन दिवस ती फक्त पाण्यावर होती. आमिनाथ संकोचून म्हणाली, "आज शरीफाची पाळी." हा शब्द त्यांनी वसाहतीतल्या नळावर उचलला होता. तिथे पाण्याच्या पाळ्या लागत.

हिशेब साधा होता. सगळे जेवले तर सगळ्यांचे दिवे हिरवे लागणार आणि शिधा एक तृतीयांश येणार. एकाने दोन दिवस उपास केला की सगळे पंधरा दिवस जेवणार. वर्षाराणी घरी आली आणि तिने वर काहीच कळवलं नाही. कळवून काय होईल हे तिला नीटसं सांगता आलं नसतं, पण चांगलं काही होणार नाही एवढं तिला वाटत होतं.

आमिनाथशी तिचं जमलं होतं. भाकरी तिनेच तिला शिकवली. पीठ गरम पाण्यात मळायचं, मनगटाने रगडायचं, थापताना कडेने फिरवायचं. पहिल्या भाकऱ्या तव्यावर टाकताना मोडत आणि आमिनाथ तुकडे जुळवून भाजत असे. वर्षभरात तिची भाकरी वर्षाराणीपेक्षा पातळ व्हायला लागली. मराठीही ती भाकरीच्या परातीशीच शिकली. तिच्या मुली आजीला 'मामा' म्हणत, त्यांच्या भाषेत आजीला तोच शब्द. वर्षाराणीला आधी हसू यायचं, मग तीही हव्वाला मामाच म्हणू लागली.

दिवाळीनंतर आमिनाथचा दिवा तांबडा लागला. पुढच्या वेळी पाळी शरीफाची असायला हवी होती, तरी पुन्हा आमिनाथचाच लागला. तिसऱ्यांदाही. शरीफा आणि हव्वा हिरव्या. हव्वाने हातवारे करून सांगितलं, की सून फार चांगली आहे, आम्हाला उपास करू देत नाही, सगळ्या पाळ्या स्वतः घेते. सांगताना म्हातारीचे डोळे भरून आले.

पण वर्षाराणीने मोजणीच्या आदल्याच दिवशी आमिनाथला आपल्याकडे दोन भाकऱ्या आणि वाटीभर आमटी खाताना पाहिलं होतं. खाऊन ती तांब्याने पाणी प्यायली आणि थोड्या वेळाने पुन्हा प्यायली. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. त्या वसाहतीत रोडावलेल्या माणसाकडे कुणाचं लक्ष जात नसे.

चौथ्या मोजणीला आमिनाथ खुर्चीत बसली, तिने फुंकलं, आणि वर्षाराणीच्या नाकाशी वास आला. फार पिकून उतरलेल्या पेरूंसारखा, गोडसर आणि आंबूस. हा वास तिला माहीत होता. तिच्या वडिलांच्या शेवटच्या महिन्यांत त्यांच्या खोलीत असाच वास असायचा. दिवा तांबडा लागला. तिने पुढच्या माणसाला बोलावलं.

संध्याकाळी ती उपकेंद्रातून साखर तपासायचं यंत्र मागून घेऊन गेली. आमिनाथच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला. आकडा चारशे बारा आला. तिने दाराबाहेर बसून आमिनाथला सगळं सांगितलं: हा आजार काय असतो, तुझं अंग आतून उपाशी कसं राहतं, जतला जाऊन नाव नोंदवलं की इन्सुलिनची सुई मिळेल आणि तू बरी होशील.

आमिनाथने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "नाव लिहिलं की माझी फुंकर?"

"बाद होईल."

"मग मामा आणि शरीफा."

वर्षाराणीने साखरेचं यंत्र पिशवीत ठेवलं.

"मामाची पाळी मागच्या वेळी होती तेव्हा ती नळावर पडली," आमिनाथ म्हणाली. "तुला सांगितलं नाही. मला हे दुखत नाही, ताई. तहान लागते फक्त. मी जेवते, तरी लाल येतो. घरात कुणी उपाशी नाही. किती महिन्यांनी असं झालं."

तिने मुदत मागितली. वसाहतीच्या तळ्यात सोडलेली माशांची पिल्लं दीड महिन्यात धरण्याजोगी होणार होती. मासे निघाले की शिधा कमी आला तरी चालेल, मग मी नाव लिहीन, असं तिचं म्हणणं होतं. वर्षाराणी नाही म्हणाली. आमिनाथ पुन्हा म्हणाली. शेवटी वर्षाराणीने पंधरा दिवस कबूल केले, फक्त पुढच्या मोजणीपर्यंत. उपकेंद्रातून तिने स्वतःच्या नावावर साखर उतरवणाऱ्या गोळ्या आणल्या आणि सकाळ-संध्याकाळ स्वतः जाऊन त्या आमिनाथला गिळायला लावल्या. गोळ्यांनी भागणार नाही हे तिला कळत होतं की नाही, हे तिने पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. वडिलांना गोळ्यांनी भागलं नव्हतं.

अकराव्या दिवशी दुपारी शरीफा धावत आली. आमिनाथ अंगणात ओकत होती. श्वास खोल, लांब, मैलभर पळून आल्यासारखा. डोळे उघडे होते पण ती कुणाला ओळखत नव्हती. रुग्णवाहिका यायला पन्नास मिनिटं लागली आणि मिरजेला पोचायला दोन तास. गाडीत वर्षाराणीने तिचा हात धरला होता. तो वास सगळ्या गाडीत भरला होता.

आमिनाथ वाचली. तीन दिवस ती अतिदक्षता विभागात होती, मग आणखी चार दिवस साध्या खाटेवर. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी वर्षाराणीला बाजूला घेऊन सांगितलं, की आता आयुष्यभर सुई, एक दिवसही चुकवायची नाही, आणि हिला उपास तर कधीच करू देऊ नका. मग त्यांनी सहज विचारलं, की आजार आधी कुणाच्या लक्षात आला नव्हता का? वर्षाराणी म्हणाली, माझ्या आला होता.

चौकशी झाली. तिने काही लपवलं नाही. स्वतःच्या नावावर गोळ्या घेतल्या, आजाराची नोंद केली नाही, चुकीचं माप चालू दिलं, असे तीन ठपके आले आणि महिनाअखेरीला तिचं काम गेलं. तिला ते अन्यायाचं वाटलं नाही. मिरजेच्या दवाखान्यात पहिल्या रात्री डॉक्टरांनी मान हलवली होती, ती मान तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

चौकशीच्या शेवटच्या दिवशी डॉ. सोहनी स्वतः वसाहतीत आल्या. वर्षाराणीने त्यांना ओळखलं, पण दीड वर्षात त्या दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसत होत्या. यंत्र आता अकरा राज्यांत होतं. मोजणीच्या खोलीत त्या बराच वेळ एकट्या नोंदी चाळत बसल्या. मग त्यांनी वर्षाराणीला आत बोलावलं आणि यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. तांबड्या खुणा घराघरातून क्रमाने सरकत होत्या.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या महिन्यापासून."

"मला का नाही कळवलं?"

वर्षाराणीने विचारलं, कळवलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? डॉक्टरांनी चष्मा पुसला. मग खरं तेच उत्तर दिलं.

"क्रमाने येणारं तांबडं माप बाद करायचा नियम घातला असता."

बाहेर शिध्याचं वाहन रिकामं होत होतं. डॉक्टर म्हणाल्या, की भूक मोजली की ती भागवता येईल असं त्यांना वाटलं होतं. आता हिरव्या दिव्याचा शिधा वाढवावा असा अर्ज त्या करतील, पण समिती दोन वर्षांनी बसते. पाळीबद्दल अहवालात लिहू की नको, हेही त्यांनी विचारलं. वर्षाराणी नको म्हणाली. त्यांनी लिहिलं नाही. निघताना त्या हव्वाच्या घरावरून चालत गेल्या, दाराशी क्षणभर थांबल्या, आत मात्र गेल्या नाहीत.

आमिनाथ घरी आली. तिचं नाव नोंदवहीत गेलं. रोज सकाळी ती स्वतः पोटात सुई टोचून घ्यायला शिकली. अंगावर मांस धरलं, तहान गेली. पुढच्या मोजणीला शरीफाने दोन दिवस उपास केला. त्याच्या पुढची पाळी हव्वाची होती. दोन्ही दिवस म्हातारी खाटेवर पडून राहिली, आणि मोजणीच्या दिवशी तिला दोन बाजूंनी धरून खुर्चीपर्यंत न्यावं लागलं. फुंकर सहा सेकंद टिकेना. तिसऱ्या प्रयत्नात टिकली. त्या दिवशी आमिनाथने सुई घेतली नव्हती. माप बाद होतं, सुई चुकवून उपयोग काहीच नव्हता, तरी घेतली नव्हती. भेटायला आलेल्या वर्षाराणीने का, असं विचारल्यावर ती म्हणाली, मामा उपाशी असताना मला औषध घेववत नाही.

तळ्यातले मासे निघाले. ते अपेक्षेपेक्षा लहान निघाले आणि वाटणीला आले ते अकरा दिवस पुरले. त्या अकरा दिवसांत वसाहतीत सगळीकडे माशाच्या पातळ रश्श्याचा वास होता आणि माणसं एकमेकांच्या दारात बसून जेवत होती.

काम गेल्यापासून वर्षाराणी भावाकडे राहत होती. भाऊ चांगला होता, भावजय तोंडावर काही बोलत नसे. तरी एका सकाळी तिने ट्रंक भरली आणि ती वसाहतीत गेली. भावाने कारण विचारलं तेव्हा तिने सांगितलं, की तिथे एका घरात माणसं कमी पडताहेत. त्याला ते कळलं नाही. लोक काय म्हणतील, परदेशी माणसांत, परक्या धर्माच्या घरात राहणार का, असं तो बराच वेळ बोलत राहिला. तिने ऐकून घेतलं आणि एसटी गाठली.

हव्वाच्या घरी तिने ट्रंक कोपऱ्यात ठेवली आणि आमिनाथला सांगितलं, की मी आता इथे जेवणार आणि इथेच झोपणार. आमिनाथला तिचा बेत लगेच समजला. ती नको म्हणाली. हे तुझं दुःख नाही, असंही तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. वर्षाराणीने ट्रंक उघडून चादर काढली.

"मामाची पाळी मी घेणार," ती म्हणाली. "आणि तू सुई चुकवलीस तर मी लगेच परत जाईन."

हव्वाला शरीफाने सगळं त्यांच्या भाषेत समजावून सांगितलं. म्हातारीने वर्षाराणीला जवळ बसवून तिचा तळहात उलटसुलट करून पाहिला, बाजारात वस्तू पाहावी तसा, आणि मग तो सोडलाच नाही.

वर्षाराणीने आयुष्यात उपास पुष्कळ केले होते, पण ते साबुदाण्याचे, शेंगदाण्याचे. हा निराळा होता. पहिल्या दिवशी दुपारी डोकं दुखलं. संध्याकाळी भूक मेली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना भिंत धरावी लागली आणि तोंडाला धातूसारखी चव आली. मुली तिच्याकडे बघत हळूहळू जेवत होत्या. तिने त्यांना गोष्ट सांगायला घेतली आणि मधेच ती विसरली.

मोजणीच्या खोलीत कवठेमहांकाळची नवी बाई होती. वर्षाराणीला ती नावाने ओळखत होती, कारण तिच्या जागेवरच ती आली होती. तिने वर्षाराणीकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या आमिनाथकडे पाहिलं. मग यंत्रावर नवीन माणसाची कळ दाबली, घर क्रमांक टाकला आणि बोटं मोजायला हात वर केला.

वर्षाराणीने फुंकलं. चौथ्या बोटाला डोळ्यांपुढे काळं आलं, पण तिने फुंकर सोडली नाही. दिवा तांबडा लागला.

बाहेर भिंतीच्या सावलीत आमिनाथने डबा उघडला. ज्वारीची पेज होती, थोडं मीठ घातलेली, अजून गरम. वर्षाराणी दोन घोट प्यायली आणि थांबली, मग पुन्हा प्यायली. आमिनाथने घाई केली नाही. पेज संपल्यावर दोघी उठल्या आणि पिशव्या घेऊन शिध्याच्या रांगेला लागल्या. रांग तळ्यापर्यंत गेली होती. पुढची पाळी शरीफाची होती.